दोन जावा आणि यरुशलेम

माझ्या सासूबाई दमियाना यांना यरुशलेमला जायचं होतं ते ख्रिस्तासाठी, असं त्या सांगत. घरात सगळ्यांना माहीत होतं की त्या वर्दाबाईंसाठी चालल्या होत्या.

वर्दाबाई म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. आमच्या मल्लवी गावात यरुशलेमची यात्रा करून आलेल्या बाईच्या नावाआधी 'मुकद्दसा' लावतात. ते एकदा लागलं की चर्चमध्ये, बारशाला, मयताला पुढची जागा तिची. वर्दाबाईंना ते लागून बरीच वर्षं झाली होती आणि त्या ते एखाद्या दागिन्यासारखं वागवत. कुणी नुसतं 'वर्दाबाई' म्हटलं तर त्यांना ऐकूच जात नसे.

सासरे वारले, जमिनीचा खंड हाती आला, तशा सासूबाई उठल्या. ईस्टरच्या आधी बायकांचा एक घोळका निघाला होता, त्यात शिरल्या. पिशव्या उचलायला मला घेतलं.

यरुशलेममध्ये आमच्या कॉप्टिक पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या मला घेऊन गेथशेमाने बागेत गेल्या. तिथल्या जैतुनाच्या एका म्हाताऱ्या झाडाला वर्दाबाईंनी कान लावला होता आणि आतून त्यांना हुंदका ऐकू आला होता. ही गोष्ट मल्लवीतल्या पोरांनाही पाठ होती.

"कोणतं झाड म्हणाली होती गं ती?"

"झाड सांगितलं नव्हतं त्यांनी."

मग सासूबाई कुंपण ओलांडून एकेका झाडाला कान लावत फिरल्या. बागेचा लॅटिन पाद्री धावत आला आणि त्याच्या भाषेत बोलू लागला. त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं, ऐकू येत नाही म्हणून. शेवटी त्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"तिला ऐकू येतं आणि मला नाही," त्या म्हणाल्या. "मी काय कमी उपास केलेत?"

त्यानंतर जैतुनाच्या डोंगरावर त्या गुपचूप चढल्या. प्रभूनं स्वर्गारोहण केलं त्या जागी दगडात त्याच्या पावलाचा ठसा आहे. बाकीच्या बायका त्यावर डोकं टेकवून रडत होत्या. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "डावं आहे की उजवं, लक्षात ठेव. ती विचारील."

दुपारी धर्मशाळेत परतलो. तिथे जेवण वाढणारी झरीफा आमच्याच मुलखातली. मसुरीची आमटी वाढता वाढता तिनं गाव विचारलं.

"मल्लवीच्या? तिथली एक बाई आली होती मागे. वर्दा. कशी आहे? जगली का?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "का? जगायला काय झालं?"

"अगं बाई, आल्या दिवशीच बाजारातून हिरवे बदाम आणले आणि मीठ लावून ओंजळी ओंजळी खाल्ले. जी पडली ती गाडीवर घालेपर्यंत त्या कोपऱ्यातल्या गादीवर. मनगटावर यात्रेची खूण गोंदणारा इथेच बोलावला, यात्रेकरू आपल्या मरणासाठी घरी नेतात ते कफन इथेच मागवलं, यार्देनेचं पाणी मी आणून दिलं. बिचारीनं परसाकडची वाट सोडून यरुशलेममधलं काही पाहिलं नाही."

सासूबाईंच्या तोंडावर जे तेज आलं, ते सकाळपासून एकाही पवित्र ठिकाणी आलं नव्हतं. त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली.

तिसऱ्या प्रहरी प्रभूच्या कबरीच्या रांगेत उभ्या राहिलो. रांग पुढे सरकत होती आणि सासूबाई माझ्या कानाशी लागून सांगत होत्या, घरी गेल्यावर ते कसं काढायचं, कुणासमोर काढायचं. "आधी कबरीच्या दगडाचा रंग विचारीन. मग बदाम." आमची पाळी आली. आत जायचं दार बुटकं होतं. त्या बोलता बोलता शिरल्या, कपाळ आपटलं, आणि आत गुडघ्यावर बसल्या त्या कपाळ चोळतच. बाहेरच्या ग्रीक संन्याशानं कठड्यावर टकटक केलं, आणि आम्ही बाहेर.

"दगड कोणत्या रंगाचा होता गं?" त्यांनी मला विचारलं.

"पांढरा. मधोमध भेगलेला."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि कफनं कुठे मिळतात ते विचारायला गेल्या.

मल्लवीला परतलो, त्या संध्याकाळी घर बायकांनी भरलं. सासूबाई नवं गोंदलेलं मनगट वर करून मधोमध बसल्या. वर्दाबाई आल्या आणि भिंतीशी टेकल्या.

"कबरीत कसं वाटलं, मुकद्दसा दमियाना?" कुणीतरी विचारलं.

"दार बुटकं आहे," सासूबाई म्हणाल्या.

बायका थांबल्या.

"आणि गर्दी फार."

पुढे काही येईना, तेव्हा वर्दाबाईंनी हळूच सुरुवात केली. तो गारवा, तो मेणाचा वास, आत पाऊल टाकल्यावर आपला श्वासही परक्यासारखा वाटतो ते. दगडाला हात लावला की मेलेल्या आईचा हात धरल्यासारखं होतं ते. बायका पदरांनी डोळे पुसू लागल्या. मी त्या कबरीत जाऊन आले होते. मलाही रडू फुटलं. सासूबाई तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. "मग?" असंही एकदा त्यांच्या तोंडून गेलं. तेव्हा त्या भानावर आल्या.

"जाऊबाई, दगडाचा रंग कोणता?"

वर्दाबाईंनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. "हात ठेवला की डोळे आपोआप मिटतात गं. तू उघडे ठेवले होतेस?"

सगळ्या बायका सासूबाईंकडे वळल्या. मग मात्र त्यांचा तोल गेला आणि सगळं बाहेर पडलं: झरीफा, गादी, बदाम, परसाकडची वाट.

मग शेजारची म्हातारी बल्सम गहिवरून म्हणाली, "म्हणजे पोटात एवढ्या कळा असताना तुम्ही कबरीपर्यंत गेलात, मुकद्दसा? आणि आम्हाला कधी शब्दानं बोलला नाहीत."

वर्दाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी शाल सावरली आणि मान खाली घातली. बायका उठून त्यांच्या मनगटावरच्या गोंदणाचे मुके घेऊ लागल्या.

सासूबाईंना कुणी खोटं म्हटलं नाही. मुकद्दसा म्हणून त्यांचाही मान राहिला, जागाही मिळू लागली, वर्दाबाईंच्या शेजारची. मला मात्र कुणी मुकद्दसा म्हटलं नाही. सून पिशव्या उचलायला गेली होती.

पुढच्या वर्षी गावातून आणखी बायका निघाल्या. तिथे काय काय पाहायचं ते विचारायला सगळ्या वर्दाबाईंकडे गेल्या. सासूबाईंकडे एकटी हनूना आली. तिला धर्मशाळेच्या गाद्यांत ढेकूण असतात का, तेवढंच हवं होतं.

सासूबाई कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेही जाऊबाईंनाच विचार. गादी त्यांनी जास्त पाहिलीय."

हनूना खरंच विचारायला गेली.