नवसाचा बोकड आणि हाताचा गोल

सुट्टीत तुम्ही नातवंडांनी टीव्हीवर फुटबॉल लावलात की मी उठून आत जाते. त्याचं कारण एकदा क्रमाने लिहून ठेवते.

शहाऐंशी साली मी कासारसाईला शाळेत शिकवत होते. गावातली कारखान्यात जाणारी मंडळी फुटबॉल खेळायला शिकली होती आणि परदेशातल्या एका बुटक्या खेळाडूच्या पार नादी लागली होती. त्याच्याबद्दल बरंवाईट खूप छापून येई. त्यातलं वाईट यांना ऐकूच जात नसे. एस्टीने आलेला इंग्रजी पेपर मी शाळा सुटल्यावर त्यांना मराठीत वाचून दाखवायची.

यांचा गोलकीपर एक धनगर होता. विश्वचषकात त्या बुटक्या खेळाडूच्या संघाची गाठ इंग्रजांशी पडणार होती. ‘त्यानं गोऱ्यांना हरवलं तर बोकड देईन,’ असा नवस तो देवीला बोलून बसला. तोच बोकड विकून मुलीला पुण्याच्या वसतिगृहात ठेवायचं त्याच्या बायकोने ठरवलं होतं. मुलगी माझ्याच हाताखाली सातवी झालेली.

गोरे दोन-एक असे हरले. पण एक गोल हाताने झाला, अशी कुणकुण लागली. बायको माझ्याकडे आली.

“बाई, हातानं मारला, तेवढंच वाचा. पंचानं दिला ते नगा वाचू. लबाडीचा गोल देवी घेत न्हाई, म्हनंन मी त्यास्नी.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

शाळा सुटल्यावर ओसरी भरली. एक गोल हाताने झाला, एवढं मी वाचलं.

“पेपर गोऱ्यांचाच! रडत्यात लेकाचे,” एकजण म्हणाला, तसे सगळे हसले.

“आरं, पन त्यो काढला तर एकेक हुतंय. बरोबरी,” दुसरा म्हणाला.

“फुडं वाचा, बाई,” धनगर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

पुढचं वाक्य समोरच होतं. वाक्य अर्धवट सोडणाऱ्या मुलांना मी जन्मभर उभं केलं होतं. मी वाचलं : पंचांना हात दिसला नाही, त्यांनी गोल दिला.

“झालं तर! पंचानं दिला, मंग मी कोन न्हाई म्हननारा?” तो ताठ बसला. त्याचा खेळाडू जिंकला होता.

मंगळवारी बोकड कापला. आमचा वाटा घेऊन ती मुलगीच आली.

“पुण्याला कधी निघतेस गं?”

“आई म्हनली, आता न्हाई.”

भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून मी त्यात मूठभर साखर घातली. आणखी काय द्यावं ते मला सुचलं नाही.