नव्या व्हर्जनमधली आवणी

तलासरीजवळच्या त्या फुग्यांच्या कारखान्यात हजेरीचं टेबल सुषमाचं. शेजारच्या झरी गावची लेक, बारावी पास, वय चौतीस, आणि आवाज असा खणखणीत की तिने पॅकिंगमधून हाक मारली तर गेटवरचा वॉचमन उठून उभा राहायचा. दीडशे माणसांची हजेरी, रजा, शिफ्ट सगळं तिच्या कम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. "हे सॉफ्टवेअर म्हणजे माझी म्हैस आहे," ती म्हणायची. "मी हात लावला की पान्हा सोडते. दुसऱ्याला लाथ." आणि ते खरंही होतं.

२०१८च्या जूनमध्ये म्हैस गेली. नवं व्हर्जन आलं आणि ते शिकवायला वापीहून एक साहेब आले. तीन तास त्यांनी भिंतीवर चित्रं सरकवली आणि शेवटी विचारलं, "एनी डाउट?" आता डाउट म्हणाल तर सुषमाच्या डोक्यात नुसते डाउटच होते. पण शेजारी नवी लागलेली निलम वही भरभरून लिहीत होती. हिच्यासमोर आपण अडाणी ठरायचं? छे! सगळं कळल्यासारखी सुषमाबाईंनी सगळ्यांच्या आधी मान डोलावली.

मग जुलै उजाडला आणि आवणी सुरू झाली. भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, एकेका घराचं शेत सगळ्या पाड्याने मिळून. त्या दिवसांत झरीची माणसं दोन दिवस कारखान्यात, तीन दिवस शेतात, हे वर्षानुवर्षांचं. जुन्या व्हर्जनमध्ये रजेच्या कारणात काहीही लिहिता यायचं. सुषमा ‘आवणी’ लिहायची की संपलं. नव्यात मात्र पंधरा दिवसांत पाच दिवस अर्जाशिवाय गैरहजर राहिलं की माणूस आपोआप ‘नोकरी सोडली’ या यादीत.

एका सोमवारी सकाळी तिने कम्प्युटर उघडला आणि त्या यादीत एकतीस नावं! सगळी झरीची. सगळ्यात वर गंगी, म्हणजे तिच्या चुलतभावाची बायको, बारा वर्षं फुगे तपासत आलेली. ती गंगी तिकडे गुडघाभर चिखलात, आणि इकडे तिची नोकरी सुटलेली!

"अगो बाय!" सुषमा म्हणाली, आणि तशीच धावत मॅनेजर दिपकसरांकडे गेली.

दिपकसर वाणगावचे, माणूस सरळ, पण कामाला घट्ट. ते म्हणाले, "शनिवारी पाच वाजता यादी हेड ऑफिसला जाते. मग त्या जागांवर नवी माणसं. त्याआधी रजा टाक."

"टाकते की. सगळ्यांची सरसकट पंधरा दिवस."

"मग मशीन कोण चालवणार, मी? कोण कुठल्या दिवशी येणार, कुठल्या दिवशी नाही, ते लिहून आण. लगेच सही करतो."

सुषमाने हेल्पलाइनला फोन लावला. तिकडची बाई हिंदीत एकच वाक्य पाच वेळा बोलली. मंगळवार असाच कपाळाला हात लावून गेला. बुधवारी तिने लाज गुंडाळून ठेवली आणि निलमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"निलम, त्या दिवशी मला ओ की ठो कळलं नव्हतं गं."

निलमने इकडेतिकडे पाहिलं. "ताई, मला तरी कुठे कळलं? मी नुसतं उतरवून घेत होते."

दोघी अशा हसल्या की पॅकिंगमधल्या बायका डोकावून गेल्या. मग निलमने वही वाचायची आणि सुषमाने बटणं दाबायची, असं सुरू झालं. दुपारी चहाच्या सुमाराला सापडली ‘गट रजा’. माणसांचा गट करा, कुणाचा नंबर कधी ते क्रमाने टाका, एखादा दिवस चुकला तर पुढचं सगळं ते आपण होऊन सरकवणार! जुन्या म्हशीला हे सात जन्मांत जमलं नसतं. पण क्रम कुठून आणायचा?

"आमच्या माणसांना कसला आलाय क्रम," सुषमा चिडून म्हणाली. "मनात आलं की जातात." ऑफिसात बसून बसून तीही ऑफिससारखंच बोलायला लागली होती, आणि ते तिला कळलंही नाही.

गुरुवारी ती कारखान्यात गेलीच नाही. वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट झरीला, गंगीच्या शेतावर. बांधावरून तिने सगळी हकिगत सांगितली. नोकरी सुटल्याचं ऐकून गंगीचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. तिने रोपांची एक जुडी सुषमाकडे भिरकावली.

"आवणीच्या शेतात नुसतं उभं राहत नाय कोनी. हात चालव नि विचार."

सुषमाने साडी खोचली. बांधावर सुक्याबाबा बसले होते, सत्तरी पार केलेले. त्यांनी बोट दाखवत सुरुवात केली. "वरचं शेत धाकल्याचं, ते सोमवारी झालं. त्याचं पाणी खाली बारकीच्या शेतात, ते मंगळवारी. काल तुक्याचं. आज गंगीचं, उद्या रूपीचं, येत्या मंगळवारी लाहूचं. पाणी उतरंल तसा नंबर. माझ्या बापाच्या वेळेपासून हाच." कुठल्या शेतावर कुठल्या घरातून कोण, हेही त्यांनी घडाघडा सांगितलं. मागचे दोन आठवडेही तोंडपाठ.

सुषमा चिखलात तशीच उभी राहिली. "बाबा, मग इतकी वर्षं सांगितलं का नाय?"

"विचारलं कोनी?"

तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. हात पुसून तिने वही भरली.

शुक्रवारी दोघींनी मिळून गट बांधला. दिपकसरांनी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचून म्हणाले, "म्हणजे कोण कधी येणार ते मला आठवडाभर आधीच कळणार? आधी का नाही केलं हे?" आणि सही ठोकली. शनिवारी बाराच्या आत एकतीसच्या एकतीस नावं परत हजेरीवर! निलमने टेबल बडवलं, सुषमाने गंगीला फोन लावला, आणि पलीकडून सगळ्या शेताने एकच आरोळी ठोकली.

तेवढ्यात दिपकसरांना स्क्रीनवर एक लाल खूण दिसली. "गुरुवारी तू गैरहजर? अगं, ऑफिसच्याच कामाला गेली होतीस. ऑन ड्यूटी लिही."

"नाही सर. दिवसभर आवणी केली मी." सुषमाने गटात बत्तिसावं नाव टाकलं, स्वतःचं. नव्या व्हर्जनने क्षणभर विचार केला आणि क्रमाप्रमाणे तिचा पुढचा नंबरही मांडून दाखवला: मंगळवार, लाहूच्या शेतावर.

"अरेच्चा! आणि मंगळवारी हजेरी कोण बघणार?" दिपकसरांनी विचारलं.

"निलम बघेल," सुषमा म्हणाली आणि पेन पुढे केलं. "तुम्ही सही करा."