झडती दिली नाही

"तूच आपणहून बॅग दाखवलीस तर बरं. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको," वहिनी म्हणाल्या.

जर्मनीत, बॉनमधलं त्यांचं घर. इथली मराठी मंडळी त्यांना वहिनीच म्हणतात. दिवाळीचा फराळ झाला होता. मी दारात बूट घालत होते. मागे चार मराठी कुटुंबं उभी. वहिनींचे इअरबड्स सापडत नव्हते.

बॅग फक्त माझीच मागितली होती. त्याचं कारण तासाभरापूर्वी घडलं होतं.

फराळ करताना एका पाहुण्यांनी विचारलं, मी विद्यापीठात काय करते. मी सांगितलं. ब्रिटिशांनी आयर्लंडमधल्या बायकांना किरकोळ चोऱ्यांसाठी जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीत पाठवलं. आपल्याकडच्या काळ्या पाण्यासारखी शिक्षा. तिथे त्यांना गोऱ्या साहेबांच्या घरी मोलकरणी म्हणून वाटून दिलं. त्यांच्यावर माझी पीएचडी चालू आहे.

"चोरट्या बायकांवर? आणि जर्मन लोक याला पैसे देतात?"

"गेनाऊ," मी जर्मनमध्येच 'अगदी बरोबर' म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

"गाव कुठलं तुमचं?"

"सोलापूर."

"अरे वा, माझी सासुरवाडी! सोलापुरात कुठे?"

एरवी मी 'स्टेशनजवळ' म्हणते. पण त्याच आठवड्यात आमच्या विभागात ऑस्ट्रेलियाहून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्यांची खापरपणजी अशीच कैदी होती. डब्लिनमध्ये कापड चोरलं म्हणून पाठवलेली. कॉफी पिता पिता त्या हे अभिमानानं सांगत होत्या, ऐकणाऱ्यांना कौतुक वाटत होतं. मला वाटलं, आपणही एकदा सांगून पाहावं.

"सेटलमेंटमध्ये," मी म्हटलं.

सोलापूरच्या जावयाला ते कळलं. बाकीच्यांना मीच सांगितलं. इंग्रजांनी काही जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात ठेवल्या. माझी आजी त्या कुंपणात जन्मली. आयरिश बाईवर निदान काही केल्याचा आरोप असायचा. आजीनं फक्त जन्म घेतला होता.

वहिनी उठल्या. "चकली घ्या ना," म्हणत आतल्या खोलीत गेल्या. सगळ्यांचे कोट आणि पर्स तिथे पलंगावर होत्या. वहिनींनी पर्स उचलून आणल्या आणि ज्याची त्याची पर्स हातात दिली. माझी बॅग आतच राहिली. निघताना ती मीच जाऊन आणली.

आणि आता दारात ही मागणी.

"अगं, जाऊ दे ना," त्यांचे यजमान म्हणाले.

"अहो, मी आरोप करतेय का? सहज म्हटलं."

माझा हात झिपवर गेला होता. आपोआप. माझी आई लोकांकडे भांडी घासायची. काम संपलं की दारात उभी राहून पदर झटकून दाखवायची. कुणी मागितलेलं नसायचं. मी शेजारी उभी असायचे.

बॅगेत लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि सॅनिटरी पॅड होते. दाखवली असती तर अर्ध्या मिनिटात सुटले असते. वहिनी "सॉरी हं" म्हणाल्या असत्या. डब्यात लाडू घालून दिले असते. पुढच्या घरी पुन्हा दाखवावी लागली असती.

मी हात काढून घेतला.

"नाही दाखवणार."

"म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. पोलिसांना बोलवा. मी थांबते."

फोन कुणी केला नाही. जावई भिंतीवरच्या कंदिलाकडे बघत राहिला. मी दार उघडून जिन्यात आले, तेव्हा मागून वहिनींचा आवाज आला.

"किती उर्मट आहे!"

ऑस्ट्रेलियातल्या त्या वसाहतीत कैदी मोलकरणीनं मालकिणीला उलट बोलणं हा गुन्हा होता. त्यासाठी कोठडी मिळायची, केस कापले जायचे. अशा कितीतरी बायका माझ्या प्रबंधात तळटिपांमध्ये पडून होत्या. भुकेपोटी चोरी केलेल्या बायका पुढे ठेव, वाचकाला दया येते, असा मार्गदर्शकांचा सल्ला होता. मलाही तो पटला होता.

इअरबड्स सापडले का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणार नाही.

पहिलं प्रकरण मी नव्यानं लिहिते आहे. त्यात उलट बोललेल्या बायका आहेत. दारू पिणाऱ्या आहेत, भूक नसताना चोरी केलेल्याही आहेत. एकीसाठीही दया मागितलेली नाही. प्रस्तावनेत मी कोण आणि कुठली, हे पहिल्याच वाक्यात आहे. मार्गदर्शक ते वाक्य काढायला सांगतील. मी काढणार नाही.