डिले म्हणजे उशीर

दुपार कलली की औरंगपुऱ्यातल्या माझ्या शिकवणीच्या माडीवर ऊन तिरकं उतरायचं, आणि खालच्या हातगाडीवरच्या पिकल्या पेरूंचा वास जिना चढून थेट फळ्यापर्यंत यायचा. त्या वासात, रिक्षांच्या कलकलाटावर आवाज चढवून, वीस-पंचवीस प्रौढ माणसं एका सुरात म्हणत असायची, "पार्डन? प्लीज से इट अगेन!" किती गोड कोलाहल होता तो! मी त्यांना इंग्रजीतलं सर्वांत आधी हेच शिकवत असे : मला कळलं नाही, पुन्हा सांगा, जरा सावकाश बोला. परक्या भाषेच्या उंबरठ्यावर उभं राहताना आपलं अडणं तरी सांगता यायला हवं, अशी माझी श्रद्धा. पण स्वभाषेत तरी ते कुठं सोपं असतं? जीभ अडखळली, शब्द ओठावर येऊन थांबला, वाचा बसली, असं आपण सहज म्हणून जातो; ज्याचं बोलणं खरोखर अडलेलं असतं, त्याला मात्र यातलं एकही वाक्य म्हणता येत नाही.

एका मंगळवारी वर्ग सुरू असतानाच कौसल्या दारात येऊन उभी राहिली. पैठणजवळच्या एका खेड्यातली शेतकऱ्याघरची सून, वय तिशीच्या आतबाहेर. कडेवर चार वर्षांची लेक, रखमा. मोठमोठ्या डोळ्यांनी सारं टिपणारी ती पोर अजून एक शब्दही बोलत नव्हती. क्रांती चौकाजवळ मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. कौसल्या दर मंगळवारी एसटीनं येऊन लेकीला त्यांच्याकडे नेत असे. त्या दिवशी त्यांनी तपासणीचा कागद दिला होता, तो सगळा इंग्रजीत. समजावून सांगायचं पुढच्या खेपेला ठरलं होतं. पण आईला तेवढा धीर कुठला?

"म्याडम, मला इंग्रजी बोलायचं नाय," ती म्हणाली. "एवढा कागूद वाचून दावा."

मी कागद घेतला. पंचवीस जण माझ्याकडे पाहत होते, आणि खरं सांगायचं तर त्या पाहण्याचा मला मोह पडला. एका नजरेत ओळ वाचून मी तिचं रुबाबदार मराठी करून टाकलं : "भाषिक विकासात मंदता आहे."

कौसल्याचा चेहरा पाहता पाहता विझला. "मंद हाय? माजं लेकरू मंद हाय?"

"तसं लिहिलंय, पण..." मी म्हणाले, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी फळ्यावरच्या शब्दाचा अर्थ विचारला. मी तिकडे वळले. परत पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं. माझा तो 'पण' माझ्याच तोंडात राहून गेला होता.

पुढचे तीन मंगळवार मी दाराकडे पाहत राहिले, पण ती आली नाही. चौथ्या मंगळवारी मी न राहवून क्रांती चौकात त्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "रखमा यायची बंद झालीय. हीच वर्षं महत्त्वाची असतात हो. पोर बोलेल, पण नुसतं वाट पाहून बोलणार नाही." मी काय केलं होतं, ते त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही.

त्या संध्याकाळी मला माझे वडील आठवले. पोलिस ॲक्शन होऊन आमचं संस्थान विलीन झालं, त्यानंतरची ती वर्षं होती. वडील कचेरीत कारकून. शिक्षण उर्दूतून, नोकरी उर्दूतून. त्यांचं अक्षर म्हणजे वळणावळणाची वेल! घरात आम्ही मराठी बोलत असू, पण ती लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पुढं कारभार मराठीत आला आणि चाळिशीतला तो माणूस माझ्या शेजारी बसून, माझ्याच पाटीवर बाराखडी गिरवू लागला. एकदा कचेरीत त्यांना मसुदा लिहायला वेळ लागला, तेव्हा सगळ्यांदेखत कुणीतरी त्यांना मठ्ठ म्हणालं. घरी येऊन त्यांनी आईला तेवढंच सांगितलं आणि नंतर कित्येक दिवस ते कामापुरतंच बोलले. मठ्ठ नव्हते हो ते! त्यांना फक्त वेळ हवा होता. आणि त्यांची लेक, भाषेची शिक्षिका, आज दुसऱ्याच्या लेकराला तोच डाग लावून मोकळी झाली होती.

त्या बाईंकडून पत्ता घेऊन दुसऱ्याच दिवशी मी पैठणची एसटी धरली आणि फाट्यावर उतरून चालत त्यांच्या घरी पोहोचले. ओसरीवर कौसल्याची सासू तूर पाखडत होती. पलीकडे रखमा शेंगांच्या टरफलांची रांग मांडत बसली होती. मी कोण ते सांगताच सूप थांबलं.

"आता कशापायी आलात बाई? मंद हाय म्हून तुम्हीच सांगितलंत की. मग एसटीच्या चकरा कशाला मारायच्या?"

कौसल्या आतून येऊन चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं मला बसा म्हटलं नाही.

"मी चुकले," मी उभ्यानंच म्हणाले. "कागदावर डिले असा शब्द आहे. डिले म्हणजे उशीर. मी घाईत भलतंच सांगितलं."

"उशीर?" कौसल्यानं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "म्हंजी यष्टी लेट हाय. रद्द न्हाय झाली."

"अगदी तसंच."

म्हातारी सूप खाली ठेवत म्हणाली, "मंग ष्ट्यांड सोडून चालायचं न्हाय."

किती शब्दकोश मी उशाशी घेऊन झोपले असेन, पण असा अर्थ मला एकातही सापडला नव्हता! मग मी कौसल्याकडून तो कागद मागून घेतला आणि त्यावरची दुसरी ओळ सांगितली. रखमाला बोललेलं समजतं, असं तिथं लिहिलं होतं. फक्त आतलं बाहेर यायला वेळ लागतोय.

"समदं समजतंय?" सासूबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी ना हात हलवला, ना मान वळवली. तुरीकडेच पाहत त्या हळूच म्हणाल्या, "रखमे, आज्याची टोपी आण गं."

रखमा उठली. आत गेली. खुंटी उंच होती, म्हणून तिनं डबा ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पांढरी टोपी दोन्ही हातांत धरून ती आली आणि आजीच्या मांडीवर ठेवून उभी राहिली.

कौतुकानं आम्ही हसणार, तोच म्हातारीचा चेहरा पालटला. "आगं बया," ती पुटपुटली. "म्हंजी आपून हिच्यासमूर जे जे बोललो... मुकी म्हनलो, मंद म्हनलो... ते बी समदं कळत व्हतं हिला?"

मुक्यासमोर आपण किती निर्धास्तपणे क्रूर होतो! सासूबाईंनी पोरीला छातीशी ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत, पुन्हा पुन्हा, "माजं चुकलं गं माय, माजं चुकलं," एवढंच म्हणत राहिल्या. कौसल्यानं पदर तोंडाला लावला. मग आत जाऊन तिनं माझ्यासाठी पाणी आणलं.

मंगळवार पुन्हा सुरू झाले. कधी कधी सासूबाईही सोबत येत. पहिला शब्द यायला आणखी सहा-सात महिने गेले. तो 'दे' होता, आणि तो ऐकून घरादारानं पोरीला गूळ, शेंगा, आरसा, जे हाताला लागेल ते दिलं म्हणे! मग हळूहळू, अडखळत, मोडकेतोडके आणखी शब्द आले.

दोन वर्षांनी जूनमध्ये कौसल्या पेढे घेऊन माडीवर आली. रखमाचं नाव शाळेत घातलं होतं. प्रवेशाच्या कागदाची प्रत तिनं मला वाचायला दिली. मी चष्मा लावला आणि म्हणाले, "अगं, चूक झालीय इथं. नाव लखमा लिहिलंय. दुरुस्त करून घे."

"न्हाय म्याडम," ती म्हणाली. "गुरुजींनी नाव इचारलं. मी तोंड उघडायच्या आधीच ती पुढं झाली अन् खणखणीत म्हनली, लखमा! गुरुजींनी तसंच लिवलं. तिनं पयल्यांदा आपलं नाव आपन सांगितलं. ते मी कसं खोडायला लावू?"

जन्मभर लाल शाईनं इतरांच्या चुका दुरुस्त करत आलेली मी तो कागद पुन्हा एकदा वाचला, नीट घडी केली आणि तिच्या हाती दिला.