आयनारच्या बॅगेचं अस्तर

बोडिल थ्रानेला मी बावीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली वीस तरी तिची बोलणी खाण्यात गेली. नॉरेब्रो वस्तीतल्या एका तळघरात बसून ती आम्हा सायकलवरून टपाल पोचवणाऱ्यांच्या बॅगा शिवते. आधी सायकलवर बसवते, वाकायला लावते, मग खांद्यावरून फीत टाकून माप घेते. नुसती मिरवायला बॅग हवी असणाऱ्याला दारातूनच परत पाठवते. "पाठीला घाम नाही तुझ्या. जा, दुकानातून घे!"

आमच्यात एक रीत आहे. कोणी गेला की त्याची बॅग भिंतीवर टांगायची नाही. मागे राहिलेल्याने ती पाठीवर घ्यायची आणि पहिल्याच दिवशी तिच्यातून काहीतरी पोचवायचं. गेल्या हिवाळ्यात आमचा आयनार गेला. त्याची मुलगी टोवे सोमवारी आमच्यात कामाला लागणार होती, म्हणजे बॅग तिची; तोवर ती बोडिलकडे ठेवलेली होती. बॅगेपेक्षा आतल्या पांढऱ्या अस्तराचं मोल जास्त. त्यावर आयनारने वीस वर्षं पेनाने लिहून ठेवलं होतं: कुठल्या इमारतीचं मागचं दार उघडं असतं, कुठला रखवालदार पावसात आत घेतो, कुठला कुत्रा चावतो. टोवेला बापाकडून एवढंच मिळणार होतं.

आणि बोडिलने ती बॅग सायकल महोत्सवाला देऊन टाकली.

हो, बोडिलनेच! महोत्सववाला माल्थे दोनदा येऊन गोड बोलला. "शनिवारी मंचावर ठेवतो, खाली तुझं नाव लिहितो, रविवारी परत." जन्मभर असल्यांना हाकलणारी बाई, नावाचं ऐकून विरघळली.

शनिवारी बोडिल, टोवे आणि मी महोत्सवाला गेलो. काय ती गर्दी! उलट्या वाऱ्यात कधी पायडल न मारलेली माणसं कोऱ्या करकरीत बॅगा पाठीला लावून उभी, आणि बॅगेत काय, तर एक फोन. एका टेबलाशी गालावर वंगणाचे पट्टे ओढून देत होते. त्यालाही रांग! मला शिसारी आली.

मंचावर एका पुतळ्याच्या पाठीवर आयनारची बॅग होती. लख्ख धुतलेली. आणि त्या लख्ख कापडावर ब्रशने काढलेले चिखलाचे शिंतोडे.

"धुतलीस?" बोडिलने विचारलं.

"वास मारत होती गं," माल्थे म्हणाला. "पण मग फोटोत अगदीच मिळमिळीत दिसायला लागली. म्हणून आमच्या चित्रकाराकडून मळ रंगवून घेतला. भारी जमलाय ना?"

टोवेने बॅगेचं झाकण उलटलं. अस्तर कोरं होतं.

"इथलं लिहिलेलं कुठंय?"

"ते खरडलेलं? निघालं की सगळं. आतून बघ, नवीकोरी झालीय!"

माणसाचा घाम यांना सोसवेना, रंगाचा चिखल मात्र हवा. असली घाण मी गटारातही पाहिली नाही. मी त्याची कॉलर धरायला पुढे झालो, तर बोडिलने माझाच हात धरला.

"त्याला काय मारतोस? बॅग मी दिली. थुंकायचं तर माझ्यावर थुंक."

तिने पुतळ्याच्या पाठीवरून बॅग उतरवली, तिच्या नावाची पाटी मोडून कचऱ्यात टाकली आणि आम्ही निघालो. रविवारभर ती तो रंग खरवडत बसली होती.

सोमवारी सकाळी टोवे पहिलं पाकीट घेऊन तळघरात आली. मी तिथेच होतो.

"नवं अस्तर शिवून देऊ?" बोडिलने मान वर न करता विचारलं.

"नको. ही बॅग तुझ्याकडे दुरुस्तीला किती वेळा आली?"

"पंधरा-वीसदा."

"मग वाचलं असशील थोडंफार. सांग, लिहून घेते." टोवेने पेन उघडलं.

बोडिलने हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "'बोडिल. बेल नको, दार ढकल. किटलीत कॉफी असते.'"

"पुढे?"

"एवढंच. बॅग आली की मी फक्त माझी ओळ शोधायचे."

टोवेने ती ओळ अस्तरावर लिहिली. पाकीट आत टाकलं, बॅग पाठीवर घेतली. कॉफीला थांबली नाही.