विमान जाऊ दे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या मीनलला, माझ्या बायकोला, तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही — म्हणून असेल. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

एरवी माझे पराक्रम मी स्वतःच चवीनं सांगतो. घरी, म्हणजे दिल्लीतल्या द्वारकेला, जायचं सोडून उलट्या मेट्रोत बसून नोएडाला पोचलो होतो, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. सिनेमाचं वेडही तसंच. पुण्याहून नोकरीसाठी दिल्लीत आलो, इथल्याच मीनलशी लग्न केलं आणि अंगात दिग्दर्शक संचारला. ट्रायपॉड म्हणजे स्टुलावर कुकर, कुकरला रबरबँडनं बांधलेला फोन. हिरोईन मीनल. तिची फी सोसायटीच्या गेटबाहेरच्या ठेल्यावर — शकरकंदी, भरपूर लिंबू पिळून. मी तिला 'रताळं' म्हटलं की मीनल खो खो हसायची. "रताळं! किती क्यूट आहे यार. अजून एकदा बोल ना."

माझ्या शब्दांवर ती अशी खूश व्हायची. आणि मी?

मीनल दिल्लीत वाढलेली. तिचं मराठी आईकडून आलेलं — हिंदीचा हेल, मध्येच 'अच्छा', मध्येच 'बिल्कुल'. आई गेली आणि तसं बोलणारी घरात ती एकटीच उरली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लघुपटांची स्पर्धा होती, तेव्हा गोष्ट तिनंच सुचवली: एक बाई बाल्कनीत बसून गेलेल्या आईशी फोनवर बोलते. बस, एवढीच. संवाद लिहिलेच नाहीत. ती बोलत गेली — "आई, तू टेन्शन नको घेऊ, तुझी तुळस बिल्कुल ठीक आहे" — एका दमात, शेवटपर्यंत. फोन ठेवला आणि मला विचारलं, "आईसारखंच आलं ना रे?" मी अंगठा दाखवला.

मग एडिटिंगला बसलो. आणि — कसं सांगू — मला लाज वाटली. आवाज अगदी स्वच्छ आला होता. तोच तर त्रास! पुढच्या रांगेत माझे पुण्या-मुंबईचे ऑफिसवाले बसणार. हसतील. म्हणतील, याची बायको असं मराठी बोलते? कुकरवर फोन बांधणारा हा माणूस, आणि त्याला मराठीची इज्जत सांभाळायची होती.

तिला सांगितलं, विमानांचा आवाज आलाय. द्वारकेत हे खोटं कोण पकडणार? विमानतळ शेजारीच, थोड्या थोड्या वेळानं डोक्यावरून एक जातंच. "मग मीच पुन्हा बोलते ना," ती म्हणाली. मी म्हणालो, वेळ नाही. पुण्यातल्या मावसबहिणीकडून — शाळेत वक्तृत्वाच्या ढाली जिंकणारी — तेच सगळं 'नीट' करून बोलून घेतलं आणि मीनलच्या ओठांवर बसवलं. मूळ रेकॉर्डिंग पुसलं. न जाणो, तिनं कधी ऐकलं असतं तर विचारलं असतं — यात विमान कुठंय? तिच्या आईचा आवाज तिच्याकडे कुठेच नाही. त्या बोलण्यात जेवढी आई होती, तेवढीच. हे मला माहीत होतं. पुसताना माहीत होतं.

टाळ्या पडल्या. मंडळातल्या एक काकू मीनलचा हात धरून म्हणाल्या, "दिल्लीत वाढून किती शुद्ध बोलतेस गं!" मीनलनं माझ्याकडे पाहिलं. आवाज तिचा नाही, एवढं सांगायला काय लागत होतं? मी म्हणालो, "माझंच ट्रेनिंग, काकू!" आणि हशा मिळवला. मीनल म्हणाली, "थँक्यू, आंटी." येताना ठेल्यापाशी थांबलो, तर नको म्हणाली. भूक नाही.

त्यानंतर आमच्या घरात हिंदी आली. भांडण नाही, अबोला नाही — हिंदी. पुढचा सिनेमाही झाला नाही; कुकरमध्ये आता फक्त डाळ शिजते. आणि तिला एक सवय लागली. विमान आलं की ती वाक्य अर्ध्यावर थांबवते. ते लांब जाईपर्यंत गप्प. बाल्कनीत, ठेल्यावर, अगदी फोनवरसुद्धा. मी मारलेली थाप तिनं किती मनापासून खरी मानली असेल!

परवा आम्ही बाल्कनीत मटार सोलत बसलो होतो. कितीतरी दिवसांनी ती मराठीत म्हणाली, "आई ना, मटार सोलताना नेहमी—"

आणि विमान आलं.

ती थांबली. विमान उंचावरचं, आवाज जेमतेम. मला सगळं ऐकू आलं असतं. 'बोल' एवढाच शब्द हवा होता. मी तिच्यासारखाच मान वर करून बघत राहिलो.

विमान गेलं. "क्या बोल रही थी मैं?" ती म्हणाली. "चलो, छोड़ो." आणि तिनं पुढची शेंग उचलली.