नळीरावांचं नाक

माझ्या थोरल्या भावाला सगळी गल्ली नळीराव म्हणते. खऱ्या नावानं हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघेल, दुसऱ्या कुणाला बोलावतायत म्हणून.

उभा जन्म त्यानं पाईपच्या दुकानात काढला. काउंटरमागे नळ्यांची मोठमोठी भेंडोळी टांगलेली असायची. गिऱ्हाईक मागेल तेवढी नळी मापून कापून द्यायची, हे त्याचं काम. भेंडोळं संपताना शेवटी वीतभर, हातभर तुकडा उरतोच. तो कुणी विकत घेत नाही आणि टाकवतही नाही, निदान माझ्या भावाला तरी टाकवत नाही. मालक म्हणायचा, "ने बाबा घरी, नाहीतर उंदीर घेऊन जातील." हा न्यायचा. लग्न झालं तेव्हा घरात तुकड्यांची एक पिशवी होती, मुलगा झाला तोवर पेटी झाली, आणि दादा निवृत्त झाला त्या सुमारास पलंगाखाली झाडू घालायला जागा उरली नव्हती. वहिनी म्हणायची, "सवत आणली असतीत तर निदान तिनं स्वयंपाकाला हात तरी लावला असता."

पण खोटं कशाला बोलू, त्या तुकड्यांवाचून आमचं कुणाचं घर चालत नव्हतं. माझ्या लोखंडी कपाटाची कड सारखी हाताला लागायची, तर त्यानं एक नळी उभी चिरून तिच्यावर बसवली. बादलीची कडी बोटांत रुतायची, तिच्यावर नळी. कपडे वाळत घालायच्या तारेचा गंज पांढऱ्या सदऱ्यांना लागायचा, तर सगळी तारच नळीत ओवली. शिडीच्या पायांना नळी, दाराच्या मागे नळी, पिंपातलं पाणी काढायला नळी, किल्ल्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या गळ्यात रंगीत नळ्यांच्या चकत्या. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच. पुढेपुढे गल्लीतले लोक आपल्याकडचे उरलेले तुकडे पिशवीत भरून त्याच्या दाराला अडकवून जायला लागले. पिशवी कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती.

नळी ओळखायची त्याची रीत बघण्यासारखी होती. आधी वाकवायची, वाकवल्यावर पांढरी रेघ उमटली तर ती कडक जातीची, मोडणार. मग नख दाबायचं. मग छोटा तुकडा पाण्यात टाकायचा, तरंगला तर एक जात, बुडाला तर दुसरी. ताणून सोडायची, बघायची मूळ पदावर येते का. आणि सगळ्यांत शेवटी नाक. डोळे मिटून, नळीचं तोंड नाकाशी धरून तो असा काही श्वास ओढायचा की आजूबाजूचे लोक आपला श्वास रोखून धरायचे. "ही भंगार वितळवून केलेली आहे, पिण्याच्या पाण्याला लावू नका." "हिच्यातून कधीतरी रॉकेल गेलंय." हे वाकवून कळत नाही, बुडवून कळत नाही, फक्त हुंगून कळतं. त्या नाकावर गल्लीचा विश्वास होता आणि दादाला त्याचा भारी तोरा होता.

मागे एकदा त्याला सडकून ताप आला. ताप उतरला, तोंडाला चव आली, पण वास काही परत आला नाही. त्याला हे कळलं ते शेगडीवर दूध करपलं तेव्हा. हा शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसला होता. वहिनी बाहेरून धावत आली आणि ओरडली, "अहो, ते नाक आहे की खुंटी?" हा म्हणाला, डोळा लागला होता. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर हसून विषय संपला असता. पण नळीरावाला वास येत नाही, हे गल्लीत कळलं तर राहिलं काय? येईल आज ना उद्या, असं म्हणत त्यानं झाकली मूठ तशीच ठेवली. लोक नळ्या आणत होते, हा डोळे मिटून हुंगत होता, आणि अंदाजानं ठोकून देत होता.

अशातच माझ्या भाच्याच्या, म्हणजे दादाच्या मुलाच्या, बायकोला दिवस राहिले. सून गुणी, जरा अबोल, सासरच्यांचा शब्द खाली पडू न देणारी. त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरची नळी चिरली. भाचा म्हणाला, मेकॅनिकला बोलावतो. दादा म्हणाला, "घरात नळ्यांची खाण असताना मेकॅनिक? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." पलंगाखालून त्यानं एक स्वच्छ, पारदर्शक नळी काढली. वाकवली, नख लावलं, ताणली. मग सगळ्यांसमोर हुंगली आणि म्हणाला, "एक नंबर."

दुसऱ्याच दिवशी सुनेनं पेला खाली ठेवला. "आई, पाण्याला वास येतोय."

वहिनीनं प्यायलं. "नव्या नळीचा असेल गं थोडा. जाईल."

"नव्याचा नाही. औषधासारखा आहे. ढेकूण मारायचं असतं ना, तसा."

मग पेला दादाकडे आला, कारण त्या घरात वासाचा निकाल तोच द्यायचा. त्यानं डोळे मिटले, श्वास ओढला. काहीच नव्हतं. पाण्यात काही नव्हतं की नाकात काही नव्हतं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "काही नाही. निर्मळ पाणी आहे."

वहिनी हसली. "अगं, पहिल्या खेपेला मला तर भिंतीचासुद्धा वास यायचा. असंच असतं या दिवसांत." भाचा म्हणाला, "बाबांच्या नाकापुढे तू कुठे नाक खुपसतेस?" सगळे हसले. त्या दिवशी मीही तिथे होते, मीही हसले.

पोरगी रोज सांगायची. आधी मोठ्यानं, मग हळू, मग फक्त वहिनीच्या कानाशी. प्रत्येक वेळी पेला दादाकडे यायचा आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळायचं. पुढे तिनं बोलणं सोडलं आणि पाणी पिणंही जवळजवळ सोडलं. प्यायली की उलटी. शेवटी एक दिवस न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं पाणी कमी झालंय, काहीजणींना या काळात त्रास जास्त होतो. वासाचं कुणी त्यांना सांगितलंच नाही. भासाचं काय सांगायचं?

ती दवाखान्यात असतानाच दादाला रस्त्यात फवारणीवाला भेटला. घरोघरी ढेकूण-झुरळांचं औषध मारतो तो. म्हणाला, "नळीराव, तुम्हालाच शोधत होतो. तुमच्या दाराला पिशवी लावली ना मी, त्यात बायकोनं माझ्या जुन्या पंपाची नळी घातली चुकून. धुतलेली आहे, त्यामुळे दिसते नवी. पण विष ते विषच. फेकून द्या बरं का."

दादानं मला सांगितलं, पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तो तसाच आपल्या जुन्या दुकानात गेला, कोरी नळी आणली, घरी कुणी नव्हतं तेवढ्यात बदलली. फिल्टर धुतला, पिंप घासलं, पेलेसुद्धा घासले. जुन्या नळीचे बारीक तुकडे करून ते लांबच्या कचराकुंडीत टाकले. त्याला वाटलं, निस्तरलं.

सून घरी आली. घाबरत घाबरत तिनं एक घोट घेतला, मग दुसरा, मग सगळा पेला संपवला. "आई, वास गेला!"

"बघ!" वहिनी टाळी वाजवून म्हणाली. "म्हटलं नव्हतं? चौथा लागला की सगळे वास जातात."

भाचा म्हणाला, "आता तरी पटलं ना, बाबा बरोबर होते?"

आणि ती पोरगी लाजून हसली. म्हणाली, "पटलं. माझंच डोकं फिरलं होतं. उगाच तुम्हाला सगळ्यांना त्रास." मग दादाकडे वळून, "रागावू नका हं बाबा."

दादा म्हणतो, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नळी बदलून त्यानं तिचं पाणी सुधारलं होतं आणि त्याच हातानं तिला खोटं पाडलं होतं. त्यानंतर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिला काही उचलू द्यायचा नाही. न मागता फळं कापून द्यायचा. दुपारचा चहा स्वतः करायचा, जन्मात कधी केला नव्हता. वहिनी सगळ्यांना सांगत सुटली की नातवंडाची चाहूल लागताच म्हातारा कसा विरघळला. मनातल्या मनात हा माणूस रोज एकच गोष्ट उगाळत होता, पोटातल्या जीवाला काही झालं नसेल ना? विचारायचं तर डॉक्टरीणबाईंना नळीचं सांगावं लागणार, नळीचं सांगायचं तर नाकाचं. गल्लीत कुठे तोंड दाखवायचं ते सोडा, सुनेला काय तोंड दाखवायचं?

अशाच एका दुपारी तो चहा करायला उठला. वहिनी शिंप्याकडे गेली होती. त्यानं शेगडीचं बटण फिरवलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की लायटर जागेवर नाही. शोधत राहिला. डब्यांमागे बघितलं, फ्रिजवर बघितलं, बटण चालूच. शेवटी सापडला खिडकीत. तो घेऊन शेगडीपाशी आला, तेव्हा सून दारात उभी होती. तिनं हात नाकाशी नेला होता. दादानं बघितलं तसा तिनं तो पटकन खाली घेतला.

"काय गं?"

"काही नाही, बाबा."

"बोल की."

"काही नाही खरंच. मला उगाच वाटलं. माझ्या नाकाचं काही खरं नाही, तुम्हाला माहितीये ना."

लायटर हातात, अंगठा त्याच्यावर. दादा म्हणाला, "कसला वास येतोय तुला?"

"गॅसचा. पण तुम्ही तर शेगडीपाशीच उभे आहात. असता तर तुम्हाला आलाच असता."

दादानं लायटर ओट्यावर ठेवला. बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तिचा हात धरून तिला बाहेरच्या जिन्यावर नेलं. तिथे पायरीवर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. ताप, नाक, नळी, फवारणीवाला, कचराकुंडी. काही लपवलं नाही.

ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "वास येत नव्हता, तर 'मला कळत नाही' म्हणायचं होतं ना, बाबा."

थोड्या वेळानं म्हणाली, "हे संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगा."

त्यानं सांगितलं. जेवणं तशीच राहिली. वहिनी आधी भडकली, मग रडली, मग पुन्हा भडकली. शेवटी भाचा बापाकडे न बघता म्हणाला, "सकाळी दवाखान्यात चला. डॉक्टरांना तुमच्या तोंडानं सांगायचं."

सकाळी डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. चिडल्या, तपासलं, मशीनवर ठोके ऐकवले. म्हणाल्या, आत्ता तरी सगळं ठीक दिसतंय. हिनं पाणी जवळजवळ सोडलं होतं हे एका परीनं बरंच झालं. पण हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, यापुढे जास्त वेळा तपासावं लागेल. वहिनीनं डोळे पुसले. भाचा खुर्चीत मागे टेकला. सून मात्र उठली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे मला खरंच वास येत होता? भास नव्हता?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मी कसं सांगू? ती नळी असती तर बघता आलं असतं."

दादा भिंतीशी उभा होता. तो पुढे झाला. "येत होता, पोरी. तुला खरंच वास येत होता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"फवारणीवाल्यानं सांगितलं ना."

सुनेनं त्याच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, ती चढवतच नाही. म्हणाली, "त्यानं एकदा सांगितलं, तर लगेच खरं वाटलं तुम्हाला. मी रोज सांगत होते."